भिंतीशी ठेवलेला नळ

कौसाची, माझ्या सुनेची, दोन लेकरं पोटातच गेली. शिशाच्या नळाचं पाणी पोटातल्या जिवाला विष असतं, असं हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले. तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा गल्लीनं कचेरीत अर्ज दिला आणि मौला मिस्त्रीनं सगळीकडं लोखंडी नळ टाकले. आमचा उपसलेला शिशाचा नळ अंगणात भिंतीशी पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणे मी सोवळ्यात पूजेचं पाणी भरायला बसले. नवी तोटी सोडली, तसा भिंतीशी पडलेल्या नळातून पाणी वाहिल्याचा आवाज आला. तोटी बंद केली, आवाज थांबला. पुन्हा सोडली, पुन्हा आला.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तो नळ उभा करून आपटला. आतून नुसती धूळ पडली.

"माय, लई उपास करता तुमी. कान वाजून राहिले तुमचे."

मला त्याचाच संशय आला. यानं शिशाचा एखादा तुकडा भिंतीखाली जमिनीत तसाच ठेवला असेल, त्यातलंच पाणी वाजत असेल. चर पुन्हा खोदायला लावला. सगळं लोखंडच निघालं. मग मी तो जुना नळ बैलगाडीत घालून आखाडा बाळापूरच्या बाजारात मोडीत धाडला.

आज सकाळी अंगण मोकळं होतं. देवाचं नाव घेऊन मी तोटी सोडली.

आवाज आला, पण भिंतीकडून नव्हे. मी दाराकडं पाहिलं.

उंबऱ्यात कौसा दोन्ही हात पोटावर दाबून उभी होती.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तोटी बंद करा."