बारा आणि सत्तावीस

बाईंनी लाल फुलीवर पांढरी शाई फिरवली, ती वाळू दिली आणि वर बरोबरची खूण केली. तेहतीसचे पस्तीस झाले.

उगाच अर्धा गुणही द्यायचा नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. तो आज मोडला. दहावीच्या सराव परीक्षेनंतर चौथ्याच दिवशी हा पेपर लिहिणारी मुलगी तापाने गेली होती. तिची आई पेपर न्यायला येणार असा निरोप होता आणि आता ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती. शिवणाच्या दुकानातून तशीच आलेली. गळ्यात टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे.

“तिचा गणिताचा पेपर मिळेल का, बाई? पास झाली का हो?”

“झाली. पस्तीस.” बाईंनी तिच्याकडे न बघताच पेपर पुढे केला.

आई उभ्याउभ्याच वाचू लागली. अक्षरांवरून फिरणारं बोट पांढऱ्या डागाशी थांबलं. बाराचं वर्गमूळ अधिक सत्तावीसचं वर्गमूळ. मुलीने उत्तर लिहिलं होतं, एकोणचाळीसचं वर्गमूळ.

“हे चुकलंय ना?”

“नाही हो. बरोबर आहे.”

“असं कसं? रूटच्या आतले आकडे थेट मिळवायचे नसतात. आधी फोडायचे. बाराचे दोन रूट तीन, सत्तावीसचे तीन रूट तीन. आत सारखं निघालं, तरच बेरीज. पाच रूट तीन.” ती किंचित हसली. “मला शंभरदा बजावायची आणि स्वतः मात्र घाई. धांदरट मेली...”

शब्द तोंडातून निसटला आणि तिने ओठ दाताखाली घट्ट धरला. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालला होता.

मग ती म्हणाली, “फुली परत मारा, बाई. तिच्या हातचं आहे ते. आहे तसं राहू दे.”

बाईंनी लाल पेन उचललं. फुली वाकडी आली. पस्तीसचे पुन्हा तेहतीस झाले.

“पण तुम्हाला हे सगळं...”

आईने पेपरची नीट घडी करून पिशवीत ठेवली. पिशवीतूनच एक कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. दहावीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र. त्यावर आईचाच फोटो होता.

“आठवीत सुटली माझी शाळा. बाहेरून बसायचा फॉर्म तिनेच भरायला लावला. दोघी एकदम पास होऊ म्हणायची. सोमवारी गणित आहे, बाई. हे तिने शिकवलंय. माझं नाही चुकायचं.”