घरपोच चुडा

कोरोनात बांगड्या भरायला कासारीण सुगंधामावशी दारात आली, तेव्हा साधनानं हात मागं घेतला होता. "कुणाकुणाचे हात धरून आलीस, मावशी? राहू दे." तेव्हापासून ती बांगड्या मोबाइलवरून मागवू लागली. आजार गेला, सवय राहिली. आता भाचीच्या लग्नासाठी मागवलेला हिरवा चुडा घरपोच आला, पण हातात चढेना. दोन बांगड्या पिचकल्या. शेवटी चुड्याचा डबा पदराखाली घेऊन ती राजूरला, देवळाजवळच्या मावशीच्या दुकानात गेली. "चढूनच न्हाई राह्यल्या गं, मावशी," ती खाली बघत म्हणाली. डबा कुठला, हे मावशीनं विचारलं नाही. साधनानं हात पुढं केला. मावशी मात्र उठून दुकानामागं गेली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन आली आणि तिनं दोन्ही ओले तळवे तिच्यासमोर धरले. "बराबर धुतले बाई," ती म्हणाली. "बघून घे. मंग दे हात."