नाव हळूच चालेल

ऑनलाइन खेळाच्या नव्या आवृत्तीत नदीवर पूल येणार म्हणून लाखो खेळाडू दिवस मोजत होते. नावाडी फार हळू वल्हवतो, ही त्यांची जुनी तक्रार. खेळ बनवणारी रेवा त्या नावाड्याला खेळातून पुसून टाकणार, एवढ्यात गोदाक्का नावाच्या खेळाडूचा अभिप्राय आला.

‘बाळांनो, नावाडी म्हणजे आमचे हे. वारल्यावर आवाज-आठवणींसकट तुमच्याकडे नोकरीला लागले. गाण्याचं कडवं संपल्याशिवाय वल्हं मारत नाहीत. घरीही कडवं संपेपर्यंत ताटावर यायचे नाहीत. पूल झाल्यावर मी त्यांना कुठं भेटू?’

“रेवाबाई, पुसलात का म्हातारा?” शेजारच्या टेबलावरून सहकारी भार्गव ओरडला. “लोक पुलासाठी जीव टाकताहेत!”

रेवाने सूचना लिहिली: ‘पूल उद्यापासून खुला. घाई असेल त्यांनी पुलावरून जावे. नाव चालू राहील, आणि हळूच चालेल.’