सतरा नंबरची रांग

दवाखान्यातल्या फोनवर सकाळपासून आवाज तुटत होता. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंच्या नाकी नऊ आले होते. शेवटी त्या सर्व्हरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसल्या.

सगळ्या वायरी ज्या स्विचमध्ये येत, तिथे फोनला पहिला मान होता. कॉम्प्युटर, प्रिंटर अशा बाकीच्यांनी मागच्या रांगेत थांबायचं. पण आज फोनच्याही पुढे, सतरा नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे वायर खोचायच्या खाचेतून, काहीतरी सारखं घुसत होतं.

ताईंनी वाकून पाहिलं. सतरा नंबरला वायरच नव्हती.

त्यांनी मोबाइलवरून साहेबांना विचारलं, "सतरावर काय होतं हो?"

"जुना वॉर्ड. तो पाडून सहा वर्षं झाली. का गं?"

"काही नाही, साहेब."

त्यांनी ते पोर्ट बंद करून पाहिलं. ते बंद होईना. मग त्यांनी त्याला सगळ्यांत शेवटच्या रांगेत टाकलं, तेव्हा ते निमूटपणे मागे गेलं. फोनची रांग मोकळी झाली. सतराची मात्र तुंबत चालली; लॅपटॉपवर थांबलेल्यांचा आकडा चढत होता. बारा. चाळीस. दोनशे दहा.

टेबलावरचा फोन वाजला. अतिदक्षता विभागातली सिस्टर होती. "ताई, आवाज एकदम स्वच्छ झाला बघा! जीव भांड्यात पडला."

"चला, बरं झालं."

"पण लाइनवर दुसरं कोण आहे?" सिस्टरचा आवाज खाली आला. "मघापासून एक बाई विचारतेय, अगदी समजुतीनं, 'आमचा नंबर कधी लागेल?'"