गुहेचा पहिला नियम

मनीषनगरातल्या सोसायटीच्या संडासाची टाकी उपसायला मारोती आला, तेव्हा सेक्रेटरी चिंचोळकर नाकाला रुमाल लावून फोनवर दुकानदाराशी बोलत, बुडी मारणाऱ्याला पाण्याखाली ओढत नेणारी स्कूटर निवडत होते. परदेशातल्या कुठल्याशा पाण्यानं भरलेल्या गुहेत त्यांना बुड्या मारायच्या होत्या.

"बॅटऱ्या दोन पाहिजेत भाऊ. अन् स्कूटर अशी दमदार पाहिजे, की जोडीदाराची बंद पडली तर त्यालेही ओढून आणता आलं पाहिजे. जिवाचा खेळ आहे! गुहेचा पहिला नियमच आहे, एकट्यानं उतरायचं नाही."

फोन ठेवून ते मारोतीवर खेकसले, "काय पाहून राहिला? उतर नं!"

"साहेब, एक दोरी अन् वर धरायले एक माणूस तरी द्या. माहा साळा अशाच टाकीत गॅसनं मेला."

"दहा मिनिटाच्या कामाले माणूस काहून लागते बे? शी! वास येऊन राहिला, लवकर कर."

मारोतीला घाणीची किळस कधीच येत नसे. आज मात्र आली, ती टाकीची नव्हे. त्यानं झाकण पूर्ण सरकवलं आणि अदबीनं बाजूला झाला.



"एकट्यानं उतरायचं नाही म्हन्ता नं साहेब? मंग या, पयले तुमी."