विषय एका ओळीत

"नाव मागाहून सुचेल, वहिनी. आधी विषय," असं म्हणत भाऊजींनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

पडद्यावर दोन चौकटी रिकाम्या होत्या. वरची ब्लॉगच्या नावाची. खालची जरा लांबट, तिच्यावर लिहिलं होतं, 'कशाविषयी लिहिणार ते एका ओळीत सांगा.'

वहिनी लिफ्टची तपासनीस. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून गेल्या महिन्यात तिनं स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि ते चार लोकांना कळावं म्हणून हा ब्लॉग. भाऊजी तिचे धाकटे दीर. धंदा त्यांचाही लिफ्टचाच, पण देखभालीचा. चाळीस इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या माणसांच्या भरवशावर वरखाली करत. वहिनीची ही इमारतही त्यातलीच. घरात ब्लॉगबिगचं कळणारं माणूस तेवढंच, म्हणून तिनंच त्यांना बोलावलं होतं. आता वाटत होतं, उगाच बोलावलं.

"'उंच भरारी' कसं वाटतं?"

"लिफ्टनं भरारी मारली तर आतली माणसं बोंबलतील, भाऊजी."

ते हसले नाहीत. एरवी या माणसाला हसायला एवढंही लागत नसे.

"बरं, राहिलं. विषय म्हणून आतली सजावट घ्या. आरसे, दिवे, बटणं. लोक आवडीनं वाचतात."

"विषय माझा ठरलाय. तपासणीचा कागद."

भाऊजींची बोटं थांबली.

दर महिन्याला लिफ्ट तपासायची आणि आत कागद लावायचा, हा नियम. तीस मुद्दे, तीस खुणा, खाली सही. त्यातला ब्रेक असतो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, आणि गच्चीवर जायचा कंटाळा सगळ्यांनाच. मग खाली वॉचमनच्या खुर्चीत बसूनच तीसच्या तीस खुणा पाच मिनिटांत होतात. धंद्यात हे कुणाला ठाऊक नाही? पण सगळे तोंडाला कुलूप लावून. वहिनीला तेच लिहायचं होतं: खरी तपासणी कुठली आणि खुर्चीतली कुठली, हे साध्या रहिवाशानं कसं ओळखावं.

"म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड," भाऊजी म्हणाले. "पहिला लेख वाचून लोक कुणाचे कागद उकरतील? माझेच. अकरा माणसं आहेत माझ्याकडे, वहिनी."

"मी कुणाचं नाव घेणार नाही."

"स्वतःचं तर लावाल ना? आडनाव एकच आहे आपलं."

हे मात्र वर्मी लागलं. नवऱ्याच्या दुखण्यात तीन आठवडे दवाखान्यात बाकावर झोपले होते ते हेच भाऊजी. त्यांच्याशी वाकडं घ्यायचं तिच्या जिवावर आलं. घरच्या माणसाचं काम काय तपासायचं, म्हणून या इमारतीच्या लिफ्टला तिनं आजवर हात लावला नव्हता. तसंच पुढेही चाललं असतं.

"घाला मग आरसे आणि दिवे," ती म्हणाली. आपला आवाज तिचा तिलाच आवडला नाही.

भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि टाइप करायला घेतलं. 'लिफ्टमधील सजाव' इथवर आले आणि टेबलावरचा तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, खाली आलेय मी. दोन पिशव्या भाजी आहे. लिफ्टनं येते वर, दार उघडून ठेव."

भाऊजींची खुर्ची मागे आपटली. "आई, थांब! आत जाऊ नकोस! तिथंच थांब, मी येतोय खाली."

ते अनवाणीच पळाले, जिन्यानं.

वहिनी उभी राहिली. सकाळपासून ती दोनदा त्याच लिफ्टनं खालीवर करून आली होती. एकदा तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण सोबत होती, बाळाला घेऊन. ते तिला आता आठवलं. राग आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती लॅपटॉपसमोर बसली. 'सजाव' आधी गेलं, मग सगळीच ओळ. तिच्या जागी तिनं लिहिलं, 'लिफ्टमधला तपासणीचा कागद कसा वाचावा.'

जिन्यात पावलं वाजायला लागली. एकेका मजल्यावर थांबत, कण्हत सासूबाई वर आल्या आणि दारातल्या स्टुलावर बसकण मारली. मागे पिशव्या घेऊन भाऊजी.

"सहा मजले चढवलं यानं मला, या गुडघ्यांनी!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "म्हणतो, ब्रेक घासलाय, नवा यायचाय. अरे, पण एक पाय आत होता माझा, समोरच कागद दिसला. कालची तारीख. खुणा सगळ्या, खाली तुझीच सही. मग खरं काय धरायचं रे मी?"

भाऊजी जिन्यापाशीच उभे. पिशव्या हातातच होत्या.

"आज माणूस येणारच होता, वहिनी," ते म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न."

वहिनीनं लॅपटॉपवरून नजर उचलली.

"भाऊजी, खाली लिफ्ट बंद करून आलात ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. एक पिशवी हातातून निसटली.

खाली लिफ्टचं दार लागलं. ती वर यायला निघाली होती.