मोहरीएवढा डाग

डाग मोहरीएवढा होता, देठाच्या अगदी कडेला. मालाची निवड थांबवून सगळे चहाला उठताच पार्वतम्माने आपल्या बागेतली अशी दोन डागी डाळिंबं धोंडप्पाच्या क्रेटमध्ये सरकवली. गावाचा माल एकत्र करून थेट मुंबईला पाठवायचा बेत तीन हंगाम तिच्यामुळेच अडला होता. ती आपला माल त्यात द्यायला तयार नव्हती आणि तिच्या बागेशिवाय गाडी भरत नव्हती. निवडीला धोंडप्पाची सून दानेश्वरी बसायची. ती सासऱ्याचा खराब माल चांगल्यात खपवणार, असा पार्वतम्माचा पक्का संशय होता. आज तो खरा ठरणार होता. चहा पिऊन परतलेल्या दानेश्वरीने एकेक फळ उजेडात फिरवलं आणि ती दोन्ही बाजूला काढली. “मामा, तुमच्या मालात तेल्या रोग हाय.” “सासऱ्यालाबी सोडत न्हाय की ही,” बायका हसल्या. धोंडप्पा ओशाळला. “आसंल. काढ बाजूला.” पार्वतम्माने पदराने घाम पुसला. “दानेश्वरी,” ती म्हणाली, “माजाबी माल मुंबईच्या गाडीत घाल.”